जो कामाचा, तो शूर

लातूरच्या शिकवणीत इंग्रजीच्या सरांनी आम्हाला एक शब्द खोडायला लावला होता. डाउटी. म्हणजे शूर. "मेलेला शब्द आहे. परीक्षेत येत नाही. आता इंग्रजसुद्धा तो थट्टेनंच वापरतात," असं ते म्हणाले. सगळ्या वर्गानं खोडला. मी नाही. कुणी मेला म्हणून सांगितलं की माझा आधी विश्वासच बसत नाही.

खोलीवर येऊन मोबाइलवर मूळ शोधलं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एक क्रियापद होतं: कामाला येणं, लायक असणं. त्यातून हा शब्द निघाला. त्याच्या मुळाशी तलवार नव्हती, घोडा नव्हता. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद अजून जिवंत आहे. एखादी वस्तू कामाची आहे की नाही, हे तिथं त्याच शब्दानं सांगतात.

मला राग आला तो स्वतःचाच. मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. नांदेडहून जयंतीच्या स्टॉलवरच्या पुस्तिका वडील पिशवी भरून आणायचे, त्यांच्यावरच मी अक्षरं गिरवली. त्यातला प्रत्येक शूर माणूस गर्जना करणारा. मीही तशीच पत्रकं लिहायचे, आणि त्यांत माझी माय कुठंच बसत नव्हती.

माय हिमायतनगर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते. आम्ही बौद्ध. तिनं काम धरलं तशी काही घरांतली पोरं डबे आणू लागली. बारावीची परीक्षा देऊन मी घरी आले, तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष तिला सांगून गेले होते, "सोमवारपासून तुम्ही झाडझूड बघा. पगार तेवढाच. उगं वाद कशाला?"

झाडणं हलकं नाही. पण तिला जे येतं तेच तिच्या हातून काढून घ्यायचं आणि वर त्याला शांतता म्हणायचं, हे मी का ऐकून घ्यावं? मी लगेच पत्रक लिहायला घेतलं. पहिलाच शब्द रणरागिणी.

"ही कोण?" मायनं विचारलं.

"तू."

"मला सैपाक येतो, तेवढं लिव. आन् उद्या शाळेत चल, ताटं मांडू लाग."

नियम असा आहे की पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं खाऊन बघायचं आणि नोंदवहीत चव लिहायची. आमचे मुख्याध्यापक रोज लिहायचे, "चव उत्तम." पातेल्याचं झाकण न उचलता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. पोरं ओळीनं बसली होती. मुख्याध्यापक सरांनी वही उघडली, तशी मायनं खिचडीची वाटी वहीवरच ठेवली.

"सर, आधी खा. मंग सही."

"मावशी, आज माझा उपास आहे."

"परवा गुरुवारचा होता, काल शुक्करवारचा. उद्या शाळा न्हाई म्हणून बरं, न्हाईतर ऐतवारचाबी धरला असता."

पोरं खिदळली. सर चिडले. "पोरं उपाशी बसलीत. वाढा आधी!"

"तुमीच उपाशी ठिवून राहिले त्यांला. मी तर कवाच शिजवून बसले."

माझ्या तोंडात तीन घोषणा तयार होत्या. मायनं डोळ्यांनीच गप्प केलं. ती झाकणावर हात ठेवून उभी होती, आवाज जराही न चढवता. सरांनी फाटकाकडं पाहिलं. कुणी सुटका करायला येत नव्हतं. त्यांनी घास घेतला. मग आणखी एक.

"मीठ कमी आहे."

"मंग तसं लिवा."

त्यांनी लिहिलं. इतक्या उत्तमांच्या खाली ती पहिली खरी ओळ होती. मायनं मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा वाटी पुढं केली.

"आता?"

"आता बरोबर."

डबे आणणाऱ्या पोरांनी त्या दिवशीही डबेच खाल्ले. फक्त त्यांच्यातल्या दोघींनी ताट पुढं केलं.

सोमवारी अध्यक्ष आले. "झाडू कुठाय?" म्हणाले.

"हाय की कोपऱ्यात," माय म्हणाली. "मला शिजवता येत न्हाई असं सरांनी लिवलं असंल तर दाखवा. आत्ता धरते."

अध्यक्षांनी सरांकडं पाहिलं. सरांनी वहीतलं शनिवारचं पान काढलं.

"मीठ कमी होतं," ते म्हणाले. "त्यांनी घातलं."

झाडू कोपऱ्यातच राहिला. मायनं तांदूळ निवडायला घेतले.