मामांची चिमटी आणि गाडीचं तेल

"गाडी चालवून राह्यले का गाडीखाली झोपून राह्यले, मले तं काही समजून नाई राह्यलं," समोरच्या काकू कुंपणावर कोपर टेकवून शेजारच्या बैलबंडीवाल्या काकांना हळूच म्हणाल्या. काकूंच्या हातात रिकामी बाटली होती, बंडीवाल्या काकांच्या हातात तुपाचा जुना डबा. मी अंगणात मोबाइल धरून उभी होते, आणि पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांमधून माझ्या मोठ्या मामांचे फक्त पाय बाहेर आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते आपल्या गाडीचं इंजिन ऑइल आपल्या हाताने बदलत होते. काकूंचं बोलणं त्यांनी ऐकलं असणार, कारण एका पायाचा अंगठा क्षणभर ताठ झाला आणि मग पुन्हा कामाला लागला.

माझ्या मोठ्या मामांनी चिमटीत धरून पाहिल्याशिवाय या जगातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवलेला नाही. ते सिंदीच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते. कापसाची गाडी आली की ढिगातून मूठभर कापूस उचलायचा, सरकीपासून रुई सोडवायची, दोन्ही हातांच्या चिमट्यांत धरून, डोळे मिटून, हळूहळू ओढायची. ती तुटेपर्यंत आजूबाजूची माणसं श्वास रोखून असत. मग मामा डोळे उघडून 'धागा आखूड' किंवा 'ओल आहे' एवढंच म्हणत आणि विषय संपे. पुढे नोकरी संपली, पण चिमटी थांबली नाही. दुकानातली तूरडाळ, पाहुण्यांच्या सदऱ्याचं कापड, लग्नपत्रिकेचा कागद, सगळं त्या चिमटीतून जातं. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पुरणपोळीचा तुकडा दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला आणि वाढणाऱ्याला 'ताकद नाई' असं सांगितलं. मला बघायला एक मुलगा आला होता, तेव्हा मामांनी प्रेमाने त्याचा हात हातात घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि आत येऊन माझ्या आईला म्हणाले, "पोरगा बरा आहे, पन ओल जास्त आहे." ते स्थळ तिथेच संपलं. मी काही बोलले नाही, पण त्या रात्री मला फार छान झोप लागली.

मी तशीही फारसं बोलत नाही. नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले, आणि मराठी बोलताना आपलं वाक्य कुठेतरी अडखळेल या भीतीने ते आधी मनात पूर्ण करून बघायची सवय लागली. वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असतो. सेलूच्या बँकेत, जिथे मी नोकरी करते, लोक काचेला कान लावून म्हणतात, "मॅडम, जरा जोरात." एकट्या मामांनी माझ्या आवाजाला कधी नावं ठेवली नाहीत. मी लहान असताना घरातल्या कुणीतरी म्हटलं की ही पोर बोलतच नाही, तर मामांनी माझ्या तोंडासमोरची हवा चिमटीत धरल्यासारखी केली, ओढून पाहिली, आणि म्हणाले, "धागा बारीक आहे. पन लांब आहे." कापसात याच्या वरचा दर्जा नाही, हे मला खूप उशिरा कळलं.

त्यांच्या चिमटीला नातंगोतं कळत नसे. मामीचं माहेर रोहण्याचं. तिच्या वडिलांचा कापूस एकदा जिनिंगवर आला आणि जावयाने चारचौघांत 'ओल आहे' म्हणून तो खालच्या प्रतीत टाकला. मामीने त्यांच्याशी बोलणं सोडलं. जे सांगायचं ते ती भिंतीला सांगायची: "भिंतीबाई, भाजीत मीठ कमी असंल तं यायले सांगजो, वरून घ्या म्हना." सासरे मात्र शेवटपर्यंत हसत सांगत, "जावई सोन्यासारखा आहे, फक्त त्याच्या चिमटीत काही देऊ नका."

या गाडीत मात्र दोघांचं कधी भांडण झालं नाही, कारण तिथे एकाचं दुसऱ्यावाचून चालत नसे. वर्षानुवर्षं कापसाच्या ढिगावर एकाच बाजूने वाकून मामांची मान डावीकडे वळायची बंद झाली होती. गाडीचा डावा आरसा तर त्यांनी पहिल्याच वर्षी आपल्याच गेटवर मोडला. नवा बसवायची गोष्ट निघाली तेव्हा मामी म्हणाली, "मी आहे ना." झालं. मामी ठेंगणी, म्हणून डाव्या सीटवर सतरंजीची घडी टाकून त्यावर बसायची. गेटपाशी गाडी थांबली की मान बाहेर काढून डावीकडचा रस्ता पाहायची आणि म्हणायची, "मोकळं आहे, घ्या." मग मामा गाडी घ्यायचे. सुट्टीत आले की मी मागच्या सीटवर असायचे. रेल्वेचं फाटक, चौक, बाजाराचं वळण, तळेगावच्या नातेवाइकांच्या घराकडचा कोपरा, सगळीकडे हेच. ती 'थांबा' म्हणाली तर समोर चिटपाखरू नसतानाही मामा थांबत. आयुष्यात चिमटीत न धरता त्यांनी विश्वास ठेवला असेल तर तो मामीच्या शब्दावर.

मामी गेली त्याच्या थोडं आधी गाडी गॅरेजमध्ये जाऊन, नवं तेल भरून आली होती. नंतर माझी सेलूला नोकरी लागली आणि मी मामांकडे राहायला आले. संध्याकाळी परतले की मामा चहा पिता पिता दिवसाची हकीकत सांगत. "आज रोहण्याले गेलतो. मस्त हुरडा खाल्ला." बाहेर श्रावणाची भुरभुर चालू असायची, ज्वारी अजून गुडघ्याएवढी नसायची, आणि मामा हुरड्याबरोबरच्या चटणीचंही वर्णन करायचे. "कालच्याले तळेगावले गेलतो. तुले सांगतो बाई, रस्ता असा झाला आहे, पोटातलं पानी नाई हालत." मी हं म्हणायचे. गाडीखाली मांजरीने पिल्लं घातली होती आणि ती तिथेच मोठी झाली, हे मला दिसत होतं. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरंही एक दिसायचं. मामा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडी सुरू करत, गेटपर्यंत नेत. तिथे थोडा वेळ गाडी नुसती घुरघुरत उभी राही. मग ती तशीच मागे येई. मामा उतरून काच पुसत आणि आत येऊन म्हणत, "गाडी गरम ठेवा लागते." मी कधी विचारलं नाही. विचारायचं वाक्य मनात तयार व्हायचं, पण ते पूर्ण झालं की नको वाटायचं.

मग पुण्याहून दादाचा, म्हणजे मामांच्या मुलाचा फोन आला. तो वाईट नाही, त्याला फक्त गोष्टी मार्गी लावायला आवडतं. तो म्हणाला, "बाबा, गाडी नुसती उभीच असेल तर दिवाळीत आलो की विकून टाकतो. उभ्या गाडीचं लोखंड होतं." मामांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला, जसा एखाद्याच्या समोर त्याच्याच कापसाचा धागा ओढला जात असावा. "उभी?" ते म्हणाले. "कोन म्हनते उभी? इतकी चालते का तेल काळं झालं. रविवारी बदलवूनच राह्यलो. बाई तुले फोटो पाठवते." आणि फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोटो नीट काढजो."

आमच्या गल्लीत कुणाच्या गाडीचं तेल निघणार म्हटलं की ती खाजगी बाब राहत नाही. काळं तेल सगळ्यांनाच लागतं. बंडीवाल्या काकांना ते बंडीच्या आसाला हवं होतं, समोरच्या काकूंच्या गोठ्याच्या खांबांना उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. मामांनी दोघांनाही आधीच शब्द देऊन ठेवला होता, आणि तोही मोठ्या आवाजात, कारण ज्याच्याकडे देण्यासारखं काळं तेल असतं त्याची गाडी चालत असते, हे ऐकणाऱ्यालाही कळावं.

रविवारी पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, मागच्यांना विटा लावल्या. मी म्हटलं, मी जाते खाली. मामा खरोखर घाबरले. "भाचीले गाडीखाली घालू का? वरती तुही मामी काय म्हनंल? आमच्यात भाचीच्या पाया पडतात, बाई." त्यामुळे माझ्याकडे व्हिडिओ बघून सूचना देण्याचं काम आलं. व्हिडिओ इंग्रजीत होता. मी मनातल्या मनात भाषांतर करून कशीबशी म्हणाले, "चेंबरचा नट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा."

"कोनाच्या घड्याळाच्या?" गाडीखालून आवाज आला.

"म्हणजे... नेहमीच्या."

"मी उताना आहे, नट उलटा आहे. माह्या घड्याळाच्या का गाडीच्या?"

मी व्हिडिओ थांबवला, मोबाइल उलटा धरला, मग स्वतःच वाकून उलटी झाले. तोवर मामांनी पाना लावून नट चांगला आवळून ठेवला होता. बंडीवाले काका गंभीरपणे म्हणाले, "आता नाई निघत. आता गाडी विकूनच टाका लागते." ते गमतीने म्हणाले, पण गाडीखाली काही क्षण काहीच हललं नाही. मग पाना पुन्हा लागला, मामा कण्हले, आणि नट सुटला.

आम्ही तिघं वाकून काळ्या धारेची वाट पाहत होतो. घमेल्यात पडली ती मधासारखी धार. किंचित तपकिरी, पण उन्हात तिच्यातून घमेल्याचा तळ दिसत होता. काकूंच्या तोंडून निघून गेलं, "हे तं भजे तळाले चालते." आणि लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला.

मामा सरपटत बाहेर आले. पाठीला माती, कपाळावर तेलाचा थेंब. घमेल्याजवळ मांडी घालून बसले. कुणीही काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी बोट बुडवलं, चिमटीत तेल घेतलं, डोळे मिटले आणि चोळलं. आम्ही श्वास रोखला. खरं तर सुटायला जागा होती. मामा म्हणू शकले असते की तेलच भारी होतं, काळं पडतच नाही. आम्ही तिघांनीही मान डोलावली असती. सासऱ्याच्या कापसाच्या वेळीही सुटायला अशीच जागा असणार.

"चाललं नाई," मामा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "गाडी चाललीच नाई." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, "फोटो काढ, बाई. आहे तसा काढ. पाठव दादाले."

मी फोटो काढला. पाठवायला अंगठा नेला आणि परत घेतला.

काकूंनी कुंपणावरून बाटली पुढे केली. "भरून द्या, बुवा. खांबाले काय समजते काळं का पिवळं." बंडीवाले काका मात्र रिकामा डबा काखेत मारून निघाले. जाता जाता म्हणाले, "माह्या आसाले काळंच लागते. पुढच्या टायमाले देजो." ते इतक्या सहज म्हणाले, की पुढची वेळ येणार यात कुणाला शंका आहे असं वाटू नये.

मामांनी काम अर्धवट सोडलं नाही. नवा फिल्टर बसवला, नट लावला, यावेळी माझं घड्याळ न विचारता. नरसाळ्याने नवं तेल ओतलं, प्रत्येक डबा ओतण्याआधी चिमटीत पाहून. चाकं फळ्यांवरून खाली घेतली. मी व्हिडिओतलं शेवटचं वाक्य सांगितलं की आता एक चक्कर मारून, कुठे गळत नाही ना ते बघायचं. मामा म्हणाले, "हाव, मारा तं लागते," आणि आत जाऊन हात धुऊन आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले.

गाडी गेटपर्यंत गेली आणि थांबली. आज मी खिडकीत नव्हते, अंगणात होते, त्यामुळे मला ते पहिल्यांदा जवळून दिसलं. मामांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मान डावीकडे जाते तिथपर्यंत गेली आणि अडली. पुन्हा सरळ झाली. पुन्हा गेली. कधी नव्हे ते त्यांच्या चिमटीत धरायला काहीच नव्हतं. हात गिअरकडे गेला, मागे यायच्या गिअरकडे.

मी चालत गेले आणि डावं दार उघडलं. सतरंजीची घडी अजून तिथेच होती. ती उचलावी का ते कळेना, मग मी तिच्यावरच बसले. डोकं छताला लागलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण हात गिअरवरून उचलला. मी काच खाली केली आणि मान बाहेर काढली. डावीकडून एक ट्रॅक्टर येत होता, मागे दोन बकऱ्या. ट्रॅक्टर गेला. बकऱ्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या, विचार केला, आणि त्याही गेल्या. रस्ता फाटकापर्यंत रिकामा झाला. या वाक्याची मनात तयारी करावी लागली नाही. इंजिनाच्या आवाजाखाली दबू नये म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले,

"मोकळं आहे, घ्या."