सिस्टरचं पान

सिडनीबाहेर, ट्रेन संपते तिथून पुढे बसने गेलं की बेनेडिक्टाइन नन्सचा एक मठ आहे. होता, असं म्हणायला हवं. युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षापासून मी दर शनिवारी तिथल्या स्वयंपाकघरात कामाला जायचे. आम्ही बौद्ध, त्यामुळे चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं, तेही मला ठाऊक नव्हतं. पण तिथे जेवताना कुणी बोलत नसे. एक जण पुस्तक वाचून दाखवी, बाकीच्या ऐकत जेवत. तेवढा वेळ मला माझं इंग्रजी सांभाळावं लागत नसे, म्हणून ती जागा मला आवडायची.

माझं जमलं ते सगळ्यांत म्हाताऱ्या सिस्टरशी. त्यांचे गुडघे गेले होते, तरी बटाटे सोलायला त्या स्टुलावर येऊन बसायच्या. जेवायला बसण्याची तिथली पद्धत त्यांनीच मला सांगितली. टेबलावर मान वयाचा नाही. मठात जी आधी आली, ती पुढे. कुणी वारलं की मागच्या सगळ्या एकेक खुर्ची पुढे. हे ऐकून मला हसू आलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा चाचरत सांगितलं, की माझे वडील एसटीत कंडक्टर आहेत, आणि जन्मभर लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत आलेत.

त्यांनी माझ्याकडून 'सरका' हा शब्द शिकून घेतला. 'र' काही जमला नाही. नंतर स्वयंपाकघरात वाट अडवून कुणी उभं असलं की त्या 'साका' म्हणायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मी मागच्या दारातून चढले गं. आता ड्रायव्हरशेजारी पोचलेय. पुढचा स्टॉप माझा."

मठ फार मोठा झाला होता. म्हणजे माणसं कमी झाली होती. छप्पर गळायचं. अर्ध्या खोल्यांना कुलपं होती. जुनी इमारत सोडून उपनगरातल्या एका बैठ्या घरात जायचं का, असा प्रश्न निघाला. मला वाटलं होतं, या नाही म्हणतील. त्यांनीच सर्वांत आधी हो म्हटलं. व्हिएतनामहून दोन तरुण सिस्टर आल्या होत्या, आणखी एक मुलगी नव्या घरातच दाखल व्हायची होती. "पोरींनी काय गळतीच्या बादल्या उचलायच्या?" त्या म्हणाल्या. नवं घर बघून आल्यावर तिथल्या जेवणाच्या खोलीतल्या खिडकीबद्दलच बोलत राहिल्या. त्या खिडकीशी बसून एकदा जेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

घर बदलायच्या थोडं आधी, दुपारी जरा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत.

पुढच्या शनिवारी मी गेले तर त्यांच्या जागेवर पान मांडलेलं. बशी, चमचा, आणि बशीपुढे छोटा लाकडी क्रूस. पानात सगळ्यांसारखं वाढलेलंही होतं. मठाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मदर म्हणायचो, त्यांनी समजावलं, की महिनाभर असं पान मांडतात आणि ते अन्न गरिबाला देतात. जेवणं झाल्यावर त्यांनी ते माझ्या डब्यात भरलं. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की गरीब म्हणजे मी. रात्रीपर्यंत डबा उघडला नाही. वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्या पानातलं आहे ना? मग नीट जेव."

मी जेवले. आणि मनात एक धरून बसले. महिना नव्या घरात पुरा होणार. म्हणजे सिस्टर नाही, तर त्यांचं पान तरी त्या खिडकीशी बसेल.

नव्या घरातल्या पहिल्या शनिवारी टेबल मी मांडलं. खिडकीशी, पहिल्या खुर्चीपुढे, सिस्टरची बशी ठेवली, पुढे क्रूस. मदर आल्या आणि थबकल्या. टेबलाला खुर्च्या मोजक्याच होत्या. गेलेल्या सिस्टरची धरून पुरत होत्या, पण ती नवी मुलगी आदल्या दिवशी येऊन पोचली होती.

"महिना अजून झाला नाही," मी म्हटलं. त्यांच्याशी एवढं मी कधी बोलले नव्हते. मी उभ्याने जेवीन, असंही काहीतरी म्हटलं. मी तिथे जेवतच नसे.

मदर म्हणाल्या, "तिने मला सांगून ठेवलंय, 'मी वाटेतच वारले, तर माझं पान जुन्या घरात राहू दे. नव्या पोरीला खुर्ची द्या.'"

मला खूप राग आला. त्यांना हवी होती ना ती खिडकी. मग असं का सांगून ठेवायचं?

पान मीच उचललं. क्रूस ॲप्रनच्या खिशात ठेवला. सगळ्या जणी न बोलता एकेक खुर्ची पुढे झाल्या. खिडकीशी दुसऱ्याच सिस्टर बसल्या. शेवटची खुर्ची रिकामी झाली. नवी मुलगी दारात उभी होती, आपली जागा कुठली ते तिला कळत नव्हतं. कुणी बोलणार नव्हतं, पुस्तक उघडलं होतं.

मी तिच्याजवळ गेले. इंग्रजीत काय म्हणायचं ते आठवेना.

"सरका," मी हळूच म्हटलं, आणि खुर्ची मागे ओढली. ती बसली.

त्या दिवशी डबा रिकामाच परत आणला. तरी घरी आल्यावर तो धुतला.