कांद्याचा वास

पेट्रोलवर गाडी पोसणं आमच्या ऐपतीत नव्हतं, हे गाडी घ्यायच्या आधीही मला कळत होतं. पण नव्वदीच्या शेवटी सिडकोतल्या आमच्या गल्लीत दोघांकडे चारचाकी आली आणि ह्यांना दुसरं काही सुचेना. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने एक जुनी पांढरी व्हॅन स्वस्तात मिळाली. गाडीला मीच ओवाळलं, नारळ फोडला, पेढे वाटले. मिरवायची हौस मलाही काही कमी नव्हती.

दोन आठवड्यांनी वरण शिजत असताना गॅस संपला. भरलेली दुसरी टाकी कोपऱ्यात असायची, ती गायब. संध्याकाळी हे आले, तर म्हणतात कसे, "अगं, ती गाडीत आहे." मग व्हॅनचं मागचं दार उघडून दाखवलं. सीटच्या पाठीमागे माझी स्वयंपाकघरातली टाकी दोरीने बांधलेली, आणि तिची नळी खालून इंजिनाकडे गेलेली. गाडी म्हणे गॅसवरच चालते, म्हणून तर परवडते.

"आणि फुटली तर?"

"घरात फुटते का?"

"घरातली टाकी खड्ड्यांतून उड्या मारत येवल्याला जात नाही!"

पण माझं ऐकतंय कोण! तेव्हा पोलिसांची नजर चुकवून असल्या गाड्या पुष्कळ फिरायच्या. त्या दिवसापासून मी लेकीला मागे बसू दिलं नाही. चार वर्षांची पोर, तिला मागच्या सीटवर लोळायचं असायचं, आणि मी तिला पुढे मांडीवर घट्ट धरून बसायचे. टाकी फुटली असती तर पुढे बसून तरी काय वाचणार होतो? पण जीव नुसता टांगणीला लागलेला असायचा.

येवला माझं माहेर. निफाड सोडलं की रस्त्याच्या कडेला सडक्या कांद्यांचे ढीग, आणि गॅसचा वासही अगदी तसाच. मी दर दोन मिनिटांनी नाक वर करायचे.

"अहो, वास येतोय."

"कांदा आहे गं."

"थांबवा गाडी."

"कांदा आहे म्हटलं ना!"

आणि दरवेळी कांदाच निघायचा. मग माहेरी सगळ्यांसमोर हे माझी नक्कल करून दाखवायचे आणि माझा सख्खा भाऊ पोट धरून हसायचा. मेल्याला लाज नाही वाटली.

एकदा विंचूरच्या पुढे वास आला तो जाईचना. आजूबाजूला नुसता गहू. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी गाडी कडेला घेतली, लेकीला माझ्या मांडीवरून ओढलं आणि तिला घेऊन पळत सुटले. मी मागोमाग. लांब एका बाभळीखाली जाऊन थांबलो. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, लेकीला खाली ठेवायचं भान नव्हतं. बऱ्याच वेळाने जाऊन त्यांनी टाकी बंद केली. नळी चिरली होती. गाडी तिथेच सोडून आम्ही एसटीने परतलो. "विकून टाकू," एवढंच ते घरी आल्यावर म्हणाले. त्यानंतर माझी नक्कल त्यांनी कधी केली नाही.

नवी नळी टाकली, तरी गाडीत मुरलेला वास काही गेला नाही. महिन्याभरात निफाडकडचं एक जोडपं बघायला आलं. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, गॅसवर चालते म्हणूनच तो घेत होता. बायकोला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती कौतुकाने दारावरून हात फिरवत होती, कडेवर तान्हं बाळ. पुरुषमाणसं आत किमतीचं बोलत बसली होती. ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने नाक वर केलं.

"ताई, कसला वास येतोय हो?"

अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण सांगितलं असतं, तर तिने नवऱ्याला उठवून नेलं असतं. गाडी आमच्याच दारात राहिली असती, आणि पुढच्या आठवड्यात माझी लेक पुन्हा तिच्यात बसली असती.

"कांद्याचा," मी म्हटलं. "माहेरून आणतो ना आम्ही."

"मंग आपल्या घरचाच वास हाय की!" ती हसली, आणि तिने बाळाला मागच्या सीटवर आडवं केलं.