मुद्देमाल खोलीतील हार्ड डिस्क

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात मी ठाणेदार होतो. मोहाच्या दारूभट्ट्यांवर छापा टाकायचा बेत मी आमच्या महिला शिपायाकडून टाइप करून घेतला. तो आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

पहाटे गावात पोहोचलो तर अंगणे सारवलेली, खाटा मांडलेल्या. भट्टीचा मागमूस नाही. एका म्हातारीने आम्हाला मोजले आणि विचारले, "सात जन येनार होते ना जी? सहाच काऊन आले?"

सातव्याला ताप होता.

दुपारी पानठेलेवाला आला. हा माझा जुना खबऱ्या. "साहेब, तुमचा कागद डीजेवाल्याच्या पेन ड्राइव्हमधी होता. हळदीत गानं लावाले गेला तं छाप्याची यादी उघडली. साऱ्या मांडवानं वाचली."

डीजेवाल्याला बोलावले. यादी कोणी दिली, एवढेच विचारत होतो.

"कोनीच नाही जी. भोंग्याच्या परवानगीचा अर्ज प्रिंट कराले पेन ड्राइव्ह तुमच्याच ठान्यात लावला होता, दिवसभर तिथंच राहिला. तिथूनच आला असंल."

"म्हणजे कागद आपणहून आला?"

"मी तं बोलावला नाही ना जी!"

आता संशय महिला शिपायावर. संगणकावर तीच बसायची. ती म्हणाली, "मी फक्त अर्जाची प्रिंट काढून दिली साहेब." ती शांत होती. आरोपी जितका शांत तितका मुरलेला, हा माझा नोकरीभराचा ठोकताळा. तिच्या एकटीच्या नोकरीवर घर चालत होते, हे मला माहीत होते. तरी सगळ्यांना बाहेर काढले, दार लावले आणि दोन बोटांनी तिच्या निलंबनाचा गोपनीय अहवाल टाइप केला. प्रिंटरची शाई संपली होती, म्हणून प्रिंट दुसऱ्या दिवसावर ठेवली.

सकाळी ती आली, सॅल्यूट ठोकला आणि टेबलावर एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"साहेब, काल पोरीचा शाळेचा प्रकल्प प्रिंट कराले हा लावला होता, तो मशीनलेच राहिला. संध्याकाळी घरी नेला. तुमचा अहवाल याच्यात आला आहे."

"तुम्ही वाचला?"

"पोरीनं वाचला आधी. विचारून राहिली होती, आई, निलंबन म्हणजे काय?"

अहवाल मी एकट्याने, बंद दाराआड लिहिला होता. मी लावलेल्या न्यायाने फितूर मीच ठरत होतो.

गोंदियाहून संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "सर, मशीन की सी ड्राइव्ह भर गई थी. मैंने बाहर से हार्ड डिस्क लगाई, उसका नाम ई. सब प्रोग्राम को बता दिया, जो सेव्ह करना है ई में करो. वो डिस्क कहाँ है?"

मोहरर, म्हणजे ठाण्याचा कारकुनी हवालदार, माझ्याकडे पाहू लागला. ती काळी डबी टेबलावर उघडी पडलेली पाहून मीच हुकूम सोडला होता, की मौल्यवान वस्तू आहे, आत ठेवा. त्याने इमानदारीने कापडात गुंडाळून, लाखेचे सील मारून ती मुद्देमाल खोलीत जमा केली होती. मोहफुलाचे डबे आणि चोरीची सायकल यांच्यामध्ये ती महिनाभर अटकेत होती. ई ची जागा रिकामी. जो पेन ड्राइव्ह लावाल त्याला मशीन ई समजायचे आणि ठाण्याचे कागद त्यात भरायचे. लावलेला नसला की कुरकुर करायचे, मग मोहरर कोणाचा तरी आणून लावायचा. त्या महिन्यात आमचे पंचनामे किती गावांत पोहोचले, देव जाणे.

पावती लिहून डिस्क सोडवली. हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर मी त्या शिपायाची माफी मागितली. ती "ठीक आहे साहेब" म्हणाली, एवढेच. माणसाची झडती घेण्याआधी आपला हुकूम तपासावा, हे मी त्या दिवशी शिकलो. निवृत्त व्हायला तेव्हा थोडीच वर्षे उरली होती.

निरोप समारंभात तिने मला एक पाकीट दिले. आत तोच अहवाल.

"तेव्हा शाई नव्हती ना साहेब. आता प्रिंट काढली. सही राहिली आहे."

सगळे हसले, मीही हसलो. पेन घेतले, खाली शेरा लिहिला, 'वरील अहवालात शिपायाच्या जागी ठाणेदार असे वाचावे', आणि सही केली. तिने कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि पोरीला दाखवायला घरी नेला.