भटूच्या नावाचा चौकोन

हिलालच्या जिभेला हाड नव्हतं, हे उधन्याच्या अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. धुळ्याकडून सुरतला आला, हजीऱ्याच्या एका गॅस कारखान्यात चिकटला, आणि पुढे मेहुण्यालाही तिथंच चिकटवलं. मेहुणा म्हणजे भटू, त्याच्या बायकोचा, पुष्पाबाईचा धाकटा भाऊ. एक पंप बंद करून दुसरा चालू करायचा असला की दोघं जोडीनं जायचे. हिलाल व्हॉल्व्ह फिरवायचा, भटू शेजारी उभा. आणि पाळीभर दाजींनी त्याची फिरकी घ्यायची: "खातो बैलाएवढं, काम कोंबडीएवढं!" आता मेहुण्याची थट्टा नाही करायची, तर काय सासऱ्याची करायची?

सत्त्याण्णव साली पुण्याहून जयश्री मॅडम आल्या, मांडीवर मावेल एवढा कॉम्प्युटर घेऊन. माणूस काम कसं करतो, कुठं चुकू शकतो, हे त्यातल्या प्रोग्रॅममध्ये मांडायचं होतं. वर एक चौकोन, म्हणजे पूर्ण काम. खाली त्याचे तुकडे, त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे. बाई भल्या होत्या. हिलालला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि तो सांगेल तसं टाइप करत गेल्या. आपलं काम पडद्यावर वडाच्या पारंब्यांसारखं खाली उतरताना पाहून गडी फुशारला.

"आणि हे दुसरे, भटू?"

"तो ना? तो नुसता उभा असतो, मॅडम! बुजगावणं!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! मॅडमही हसल्या. पण हे दाजी-मेहुणे आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? त्यांनी भटूच्या नावाचा चौकोन केला आणि रिकामा ठेवला. शेवटी सगळं वाचून दाखवलं. "बरोबर?"

"एकदम बराबर!" हिलाल म्हणाला.

पुढच्याच महिन्यात हुकूम निघाला, की त्या कामाला एकच माणूस पुरे. भटूला घरी बसवलं.

मॅडम अजून कारखान्यातच होत्या. हिलाल धावत त्यांच्याकडे गेला. "थट्टा होती हो ती! माझ्या बायकोचा भाऊ आहे तो."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच कॉम्प्युटर उघडला. "सांगा, काय करतो तो? उघडतो, बघतो, कळवतो, काहीही सांगा. मी आत्ता भरते."

हिलालनं लई डोकं खाजवलं. खोटं सांगावं, तर उद्या भटूला ते करून दाखवावं लागेल. आणि खरं काय सांगावं?

"सोबत असतो," तो म्हणाला.

बाईंनी बिचारीनं तेही टाइप केलं. पण वरचे साहेब त्याला काम मानायला तयार झाले नाहीत.

भटूनं ट्रंक भरली आणि गावी निघून गेला, जिथं त्याला करायला काहीच नव्हतं. अरे, जाताना दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास रे दाजीला! बोलली ती पुष्पाबाई, तीही एकदाच, तिच्या अहिराणीत: "मना भाऊ नुसता उभा ऱ्हास?"

हिलाल एकटाच पंपाशी जाऊ लागला. त्याला वाटायचं, एक दिवस काहीतरी अडेल, हात कमी पडेल, मग साहेबच म्हणतील, बोलवा त्या भटूला. देवाजवळ मागणंही तेच. कुणाला इजा झाली तर पाप लागेल, म्हणून अर्धंच मागायचा. पण व्हॉल्व्ह फिरायचा, पंप चालू व्हायचा, कशाचंच काही अडायचं नाही. मॅडमच्या यंत्राचा हिशेब चोख निघाला, हेच त्याला खात होतं.

कामावरून आला की पुष्पाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "आज एकल्यानं जमनं ना?"

जमलेलं असायचं. त्याला हो म्हणावं लागायचं.