दहाव्या श्वासाला रडणारी बाहुली

नव्वदच्या दशकात काही वर्षं मी दर गुरुवारी नगरचा माझा दवाखाना बंद ठेवून तिसगावच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्रात जात असे. मी मुलांची डॉक्टर. जन्मल्यावर श्वास न घेतलेली बाळं माझ्याकडे कधी जीपमधून, कधी टेम्पोतून यायची आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा. अशा बाळाला नगर लांब पडतं. जे करायचं ते तिथल्या नर्सनीच, पहिल्या मिनिटात करायला हवं. तेवढंच शिकवायला मी जात होते.

शिकवणीची खास बाहुली आम्हाला कुठून मिळणार? कापड बाजारातून एक रबरी बाहुली आणली, पाठ कापून आत फुगा बसवला आणि त्याची नळी तोंडापर्यंत नेली. बाळाला श्वास देण्याचा मास्क तोंडावर नीट बसवून त्याला जोडलेली रबरी पिशवी दाबली की छाती वर यायची. नाही बसवला की हवा फुसकन गालावरून निघून जायची आणि माझा पारा चढायचा. माझा स्वभाव तापट आहे, ते मी लपवत नाही.

आरोग्य केंद्रात एक वयस्कर आया होत्या. सगळ्या त्यांना मावशी म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी बाहुलीच्या गालाला काजळाची तीट लावली आणि मला बजावलं, "लेकरू असं निपचित टाकून उठायचं न्हाई, बाई. अभद्र असतंय. रडल्याबिगर हाताखालून सोडायचं न्हाई." तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली. पिशवी दहा वेळा नीट दाबली की मागच्या बाकावरची कुणीतरी नर्स "ट्यँहँ ट्यँहँ" करून रडायची, सगळ्या हसायच्या आणि बाहुली पुढचीच्या हातात जायची. वर्गात हसू असलं की हात लवकर वळतात, असं म्हणून मी स्वतःच्याच शहाणपणावर खूष असायचे.

त्या वर्गात शेवगावच्या रस्त्यावरच्या एका उपकेंद्रातली तरुण नर्स होती. हात अगदी हलका, पण नजर बाहुलीवर कमी आणि माझ्यावर जास्त. बाहुलीची मान सरळ केली की माझ्याकडे बघणार, तोंड पुसलं की बघणार. "अहो, माझ्या तोंडावर काय लिहिलंय?" मी ओरडायचे. ओरडले की ती आणखी बघायची. मला खरी काळजी तिचीच होती. उपकेंद्रात ती एकटी असे. तिथे मध्येच थांबून कुणाकडे बघणार होती? आणि तोवर बाळाचं काय होणार होतं?

एका गुरुवारी मावशी हातातला झाडू भिंतीला टेकवून दारात उभ्या राहिल्या. "बाई, एक बोलू का? राग न्हाई ना येनार?" राग येणार हे दोघींनाही माहीत होतं. "खरं लेकरू तुमच्या धाला रडत न्हाई. काही लगीच रडत्यात, काही लई वाट बघाया लावत्यात. ह्या पोरींना वाटंल, धा झालं, संपलं."

राग आलाच. पण खात्री करावी म्हणून मी त्या नर्सला बाहुलीसमोर उभं केलं आणि बाकीच्यांना गप्प बसायला सांगितलं. तिने मास्क सुरेख बसवला. आठ, नऊ, दहा. कोणी रडलं नाही. तिचा हात थांबला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. इतके महिने मी या मुलींना दहाला थांबायला शिकवत होते, आणि ते दिसलं कुणाला, तर झाडता झाडता ऐकणाऱ्या मावशींना!

त्या दिवसापासून रडण्याचं काम मावशींकडे गेलं. त्या मनाला येईल तेव्हा रडायच्या, कधी चौथ्या श्वासाला, तर कधी हात भरून आले तरी नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे, म्हणजे कोणाला माझा चेहराच दिसायला नको.

पुढे पावसाळ्यात एका गुरुवारी शिकवणी चालू असतानाच बाळंतपणाच्या खोलीतून हाक आली. शिकवणीला येणाऱ्या नर्सची तिथे आळीपाळीने ड्यूटी लागे, आणि त्या दिवशी उपकेंद्रातल्या त्या तरुण नर्सचीच होती. केंद्राचे डॉक्टर बैठकीला पाथर्डीला गेले होते. मी धावले. बाळ निळं पडलेलं, अंग चिंधीसारखं सैल. तिने ते पुसून कोरडं केलं होतं, पाठ चोळून पाहिली होती आणि आता मास्क बसवत होती. सवयीने माझा हात पिशवीकडे गेला.

"मॅडम, उजेड अडतोय. सरका."

ती हे माझ्याकडे न बघता म्हणाली. मी निमूट सरकले. मला असं सांगणारं माणूस नगरमध्ये अजून जन्माला यायचं होतं. छाती वर येत होती. दहा झाले, वीस झाले. नाळेला बोटं लावून तिने ठोके पाहिले आणि पुन्हा पिशवी धरली. ती हिसकावून घ्यावी असं मला इतकं वाटत होतं की मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. मावशी दारात उभ्या होत्या. बाळाची आई "रडलं का? रडलं का?" असं विचारत होती आणि नर्स पिशवी दाबतच होती. मग बाळाने एक आचका दिला, तोंड वाकडं केलं आणि बारीक, चिडक्या आवाजात रडायला लागलं.

मी ओसरीवर जाऊन रडले. अभिमानाने रडले, दुसरं काही नाही.

थोड्या वेळाने ती हात पुसत बाहेर आली. आता विचारेल, 'बरोबर केलं ना, मॅडम?' असं मला वाटलं.

"मॅडम," ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी आमच्या गावांतल्या सुइणी बोलावल्यात. त्यांना मी शिकवते. तुम्ही समोर असलात की त्या तुमच्याकडेच बघत बसतील."

मी "बरं" म्हणाले. आणखी काही बोलले असते तर पुन्हा रडू आलं असतं.