सुमनमावशीचा दुसरा सिनेमा

सुमनमावशी गेल्याचा फोन आला त्याला आता दीड महिना झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, ‘पुरस्कारविजेत्या चित्रपटातील अभिनेत्रीचे निधन’. मावशीनं वाचल्या असत्या तर नाक मुरडलं असतं. त्या चित्रपटाचा विषय ती स्वतःहून कधी काढत नसे.

तिचं माहेर सटाण्याकडचं. काका वीज केंद्रात, त्यामुळे संसार झाला एकलहऱ्याच्या वसाहतीत. तिथल्या गणपतीत ती दरवर्षी नाटक बसवायची आणि मुख्य भूमिका हक्कानं स्वतःकडे ठेवायची. साठी उलटल्यावर एका तरुण दिग्दर्शकानं तिला तिथं पाहिलं आणि सिनेमात आईचं काम दिलं. मावशी कॅमेऱ्यासमोर झक्कास अहिराणी बोलली. पण परीक्षकांना ती कळायची नाही, या धास्तीनं त्यानं मावशीला न विचारताच तिचे संवाद दुसऱ्या नटीकडून शुद्ध मराठीत बोलून घेतले. आम्हाला ते कळलं थेट थिएटरात. पडद्यावर मावशीनं तोंड उघडलं आणि आवाज भलत्याच बाईचा... मावशी शेवटपर्यंत हलली नाही.

सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. अभिनयासाठी मावशीचंही नाव पुढं होतं म्हणे, पण आवाज स्वतःचा नसेल तर तो पुरस्कार देत नाहीत. दिग्दर्शक बिचारा माफी मागायला घरी आला. मी बाह्या सरसावूनच बसलो होतो, पण मावशीनं मला डोळ्यांनी दटावलं, त्याला जेवायला वाढलं आणि मग म्हणाली, “बक्षीसनं जाऊ द्या, भाऊ. पन मन्हा तोंडमा दुसरीना आवाज कसाले? पुढला पिच्चरमा मीच बोलसू.”

त्यानं कबूल केलं, आणि तो शब्दाला जागला. दुसरा सिनेमा सगळाच्या सगळा अहिराणीत केला. त्याला एकही पुरस्कार मिळाला नाही, साधं कुठल्या यादीत नाव आलं नाही. पण सटाण्याला खेळ लागला तेव्हा बायका खुर्चीतूनच मावशीच्या संवादांना उत्तरं देत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, “हाई ते आपलीच शे.” मावशीनं पदर डोळ्यांना लावला. मी कुणाकुणाला कोपरानं ढोसून सांगत होतो, ही माझी मावशी. आजही सांगतो, आणि सांगताना याच सिनेमाचं नाव घेतो.

परवा दुपारी काकांकडे गेलो. टीव्हीवर हाच सिनेमा चालू होता आणि काका त्याच्याकडे पाठ करून मेथी निवडत बसले होते.

“काका, बघत नाही का?” मी विचारलं.

“बघायला फोटो हाय ना भिंतीवर,” ते म्हणाले, आणि मेथीच्या काडीनंच मला गप्प बसायची खूण केली. मावशी बोलत होती.